डबीर काका आणि मागच्या प्लॉटमधली बॅटरी

भर वरातीत नवरदेवाची घोडी थांबवून तिच्या शेपटीचे केस कापणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी डबीर काका. मदन महल या हिंदी वस्तीतल्या आमच्या गल्लीत बँड वाजत होता, वऱ्हाडी नाचत होते आणि काका छोटीशी कात्री घेऊन घोडीच्या मागे वाकलेले.

"ये क्या कर रहे हो, दादा?" नवरदेव वरून ओरडला.

"एक मिनट, भैया. सीसा देख रहे हैं."

काका म्हणत होते शिसं, नवरदेवाला वाटलं शीशा. त्याने फेटा सावरला आणि खरंच करवलीकडे आरसा मागितला.

काका जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले. घरी एकटेच. शिसं, पारा असले जड धातू जनावरांच्या केसात साचतात, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक गाईचे, कुत्र्याचे, बकरीचे केस त्यांच्याकडे पाकिटांत भरलेले. तपासायचं यंत्र मात्र नव्हतं.

"मग जमवून काहून राहिले, काका?" मी एकदा विचारलं.

"यंत्र उद्याही भेटेल बाप्पा. आजचे केस उद्या भेटतील का?"

सत्यनारायणाला आले की शिऱ्याचा द्रोण हातात धरून सुरू. "शिसं नुसतं पोटात नाही बसत. पेशीत शिरते, गुणसूत्रं तोडते. पिल्लू जन्माला यायच्या आधीच गडबड!" पोथी बाजूला राही. मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो आणि लोक पोट धरून हसायचे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी उतरवताना फुटली. ती दुकानात परत द्यायची असते, हे मला ठाऊक होतं. पण कंटाळा केला आणि भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये ढकलून दिली.

गल्लीच्या टोकाला शांतीबाई राहते. दोन गाई पाळते, आम्हाला दूध घालते. काही दिवसांनी तिची कालवड भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. करकर दात खात होती. डोळ्यांपुढे हात नेला तरी पापणी हलेना. काकांनी डॉक्टर आणला आणि स्वतः तिचं डोकं मांडीवर घेऊन गोठ्यात बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

काकांनी प्लॉट धुंडाळला. फुटकी बॅटरी आणि कालवडीने चाटलेल्या शिशाच्या पट्ट्या सापडल्या. पट्ट्या फडक्यात बांधून ते घरोघरी विचारू लागले. माझ्याही दारात आले.

"तुझी जुनी बॅटरी कुठं आहे रे?"

"दुकानदार घेऊन गेला, काका."

"अच्छा," म्हणाले आणि पुढे गेले.

त्यानंतर मला त्यांची नक्कल जमेना. शांतीबाई दूध घेऊन आली की मी बायकोला पुढे करायचो आणि आत जाऊन उगाच नळ सोडायचो. महिनाभर असा लपत होतो. शेवटी एका दुपारी काकांकडे गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "बॅटरीवर वॉरंटीची चिठ्ठी होती. तुझं नाव होतं. मीच खरवडून टाकलं. दारोदार विचारत फिरलो ते तू आपणहून सांगशील म्हणून."

"मग बोलले काहून नाही?"

 "नोकरीत मी काय करायचो? उंदरांना शिसं पाजायचो. मग त्यांच्या हाडातली मज्जा काढून तुटलेली गुणसूत्रं मोजायचो. काम जरुरी होतं. पण एक उंदीर होता रे, पिंजरा उघडला की आपणहून हातावर चढायचा. त्याला वाटे, मी खाऊ आणून राहिलो. आता मी कोणत्या तोंडानं तुला बोलू?"

 त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"चल. शांतीबाईकडे जाऊ."

"आत्ता?"

"तुझं बरं आहे. माफी मागायला तुला एक दार तरी आहे."

शांतीबाई गाईला चारा टाकत होती. मी मान खाली घालून सांगितलं.  ती हातातला चारा तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

मग काका पुढे झाले. "बाई, हमको भी माफ कर दो."

"आपने तो उसके लिए इतना करा, दादा," ती गोंधळून म्हणाली. "आप काहे की माफी माँग रहे?"

तो उंदीर ज्यावर चढायचा, त्या तळहाताकडे काकांनी एकदा पाहिलं. तिच्यापुढे हात जोडून ते तसेच उभे राहिले.