सदूभाऊंचा जावई

सदूभाऊंच्या घरात एसी एकच आहे, आणि तो जावयाच्या खोलीत आहे. सदूभाऊंना मुलगी नाही. मुलगाही नाही. जावई मात्र आहे, तोही घरजावई.

हा जावई म्हणजे भिंतीवर ठोकलेली एक काळी लोखंडी पेटी. तिच्यातून चोवीस वायरी निघतात आणि आमच्या भोरच्या चोवीस गल्ल्यांना इंटरनेट पुरवतात. सदूभाऊ मूळचे हिर्डोशीचे. आधी केबल टीव्हीचा धंदा, मग हा. "जावयावानीच हाय बघा," ते सांगतात. "लई म्हाग, सारखा गारव्यात पायजे, आन् रुसला तर का रुसला त्ये सांगत न्हाई."

माझं सातबारा आणि दाखले काढून देण्याचं दुकान त्यांच्याच वायरीवर चालतं. जावई रुसला की रांग माझ्या दारात, आणि शिव्या मी खायच्या. मी काही थंड डोक्याचा माणूस नाही. तडक त्यांच्या घरी जाऊन तणतणायचो. त्यांच्या पत्नी लीलावहिनी म्हणायच्या, "भाऊजी, चहा घ्या, तोवर येईल नेट." बहुतेक वेळा यायचंही.

एका धोंड्याच्या महिन्यात तर वहिनींनी या जावयाला रीतसर तेहतीस अनारशांचं वाण दिलं. ताट रात्रभर पेटीला खेटून राहिलं. सकाळी पेटीत मुंग्या आणि अर्ध्या भोरचं नेट बंद. सदूभाऊ एका हाताने ब्रश मारत होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर गिऱ्हाइकांना सांगत होते की जावयाला गोड बाधलं. मी भांडायलाच गेलो होतो. पण अनारसे झाले होते मात्र फक्कड. सहा खाल्ले.

पुढे लोकांना सगळंच वेगात हवं झालं. त्यात एक मोठी कंपनी हायवेने शिवऱ्यापर्यंत आली आणि तिथून भोरमध्ये शिरली. सदूभाऊंची गिऱ्हाइकं एकेक करून गळायला लागली. धंदा टिकवायचा तर दहापट वेगाची नवी पेटी घेण्यावाचून इलाज नव्हता. मीच त्यांना पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडे घेऊन गेलो.

पेटीची किंमत ऐकून सदूभाऊंनी आधी पाणी मागितलं. मग कळलं की वायर जोडायचे बोटाएवढे तुकडे निराळे घ्यावे लागतात, आणि त्यातल्या एकेकाच्या पैशात बरा मोबाईल येईल. "म्हंजे जावयाबरूबर करवल्याबी आमीच पोसायच्या व्हय?" त्यांनी विचारलं. वर दुरुस्तीच्या हमीचे दरवर्षी वेगळे. त्यावर तर ते उठलेच. दिवाळसण पहिल्या वर्षीच असतो, दरसालचा मानपान कुठल्या शास्त्रात सांगितलाय, असं त्या व्यापाऱ्याला विचारून ते जिना उतरले.

दीड वर्ष हेच. व्यापाऱ्याने भाव उतरवला, तरी सदूभाऊ नाही म्हणाले. लोक त्यांना चिकट म्हणायला लागले. मीही म्हणालो, तोंडावर म्हणालो. धंदा बुडाला की त्या एसीत तुम्हीच झोपा, असंही वर ऐकवलं.

आम्ही पुण्याला गेलो त्याच्या थोडं आधीच लीलावहिनींना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. हे मला ठाऊक होतं. पण त्याचा आणि पेटीचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गेल्या महिन्यात शेजारची अख्खी गल्ली कंपनीकडे गेली, तेव्हा कुठे सदूभाऊंनी पेटी मागवली. ती बसवायला पुण्याहून माणूस आला. मी मुद्दाम हजर राहिलो. तो म्हणाला, नव्या पेटीला या खोलीतल्या वायरी नव्या लागतात, जुन्या कापून टाकू, नंबरांच्या पट्ट्या छापून आणल्यात. त्याने पक्कड उचलली तसे सदूभाऊ मध्ये येऊन उभे राहिले.

त्या वायरी मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितल्या. प्रत्येकीभोवती पांढऱ्या कापडाची पट्टी शिवलेली, आणि तिच्यावर लीलावहिनींचं अक्षर. 'पिंपळाखालचे'. 'कुत्रं आहे, काठी नेणे'. 'इथे चहा चांगला'. एक पट्टी माझ्या गल्लीची होती: 'भाऊजी. आधी हे बघणे. चिडतात.'

"तिचा हात चालत हुता तवाचं हाय समदं," सदूभाऊ म्हणाले. "पैशाचं मी आपलं उगाच म्हनायचो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आम्ही दोघांनी खुर्चीसकट वहिनींना त्या खोलीत आणलं. सदूभाऊ एकेक पट्टी उसवून नव्या वायरीला शिवायला लागले. कुठली कुठे ते वहिनी मानेने सांगत होत्या. माझी पट्टी आली तेव्हा पदराआड हसल्या. सदूभाऊंच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं नेट बंद होतं आणि माझा फोन सारखा वाजत होता. आज सातबारा मिळायचा नाही, उद्या या, असं मी प्रत्येकाला सांगितलं.

शेवटी नव्या पेटीची विजेची वायर तेवढी उरली. तिला पट्टी नव्हती. सदूभाऊंनी कोरं कापड वहिनींच्या मांडीवर ठेवलं आणि पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. पुण्याचा माणूस घड्याळ बघायला लागला, त्याच्यावर मी खेकसलो. वहिनींना दहा मिनिटं लागली. अक्षरं वाकडी आली, एकावर एक चढलेली: 'जावई. जपून.'

सदूभाऊंनी ते वाचलं. मग सुई आणि दोरा माझ्याकडे देऊन म्हणाले, "तुमी ववा जरा. मला दिसंना."

मी सुई घेतली. मलाही दिसत नव्हतं.