प्रकरण तिसरं : हस्तांदोलन

सत्यजीतनं डेअरीतल्या माणसाशी एकदा हात मिळवला, तेव्हापासून तो माणूस दुधाचा कॅन डाव्या हातानं घ्यायला लागला. सत्यजीतला वाटलं, माणूस डावखुरा आहे.

पुस्तक दौंड स्टेशनवर मिळालं होतं. गाडी लेट होती, नाहीतर घेतलंच नसतं. कव्हरवर कोटातला एक माणूस हाताची घडी घालून उभा होता आणि आत, धंद्यात माणसं कशी जिंकायची ते लिहिलं होतं. तिसरं प्रकरण सत्यजीतला पाठ झालं. समोरच्याचा हात दोन्ही हातांनी धरा. घट्ट धरा. डोळ्यांत बघा. विश्वास निर्माण होईपर्यंत सोडू नका. विश्वास निर्माण झाला हे ओळखायचं कसं, ते चौथ्या प्रकरणात होतं. पण ती पानं बांधणाऱ्यानं बांधलीच नव्हती.

पुस्तक लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असणं शक्य नव्हतं. सत्यजीतच्या गोठ्यात भिंगरी नावाची गाय होती आणि तिची धार भयंकर जड होती. त्याचे वडील, आबा, एकदा तिची धार काढायला बसले, तर रात्री त्यांना भाकरी मोडता येईना. धार काढायचं मशीन आणलं, ते भिंगरीनं लाथेनं मोडलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सत्यजीतच बसायचा. त्यामुळं त्याच्या पंजात काय तयार झालंय हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्याची आई, साखरबाई, हल्ली हळदीची वाटी चुलीजवळच ठेवायची.

"आबा, रस्त्याकडचा तुकडा मला द्या," एके दिवशी सत्यजीत म्हणाला. "ऊस मोडून रोपांची नर्सरी टाकतो. मिरची, टोमॅटो, झेंडू."

"आन् मामानं कंपनीत चिकटवलंय त्याचं काय? सोमवारी हजर व्हायचंय."

"मला धंदा करायचाय."

हौसराव आबांनी पुस्तकाकडं असं पाहिलं, की कव्हरवरच्या माणसानं हाताची घडी सोडली असती. "बरं. भिंगरी इकून दाखव. चाळीस हजाराच्या खाली द्यायची न्हाई. जमलं तर तुकडा तुझा. न्हाई जमलं तर सोमवारी डबा घिऊन कंपनीत."

"बाजारात बोलणी कशी करत्यात?"

"त्ये पुस्तकात आसंलच की," आबा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला पिकअप सत्यजीतची बहीण अपेक्षानं चालवली. वाटेत तिनं विचारलं, "दाद्या, धार जड हाय हे सांगणार का लपवणार?"

"सांगणार. प्रकरण दुसरं, प्रामाणिकपणा."

"मग डबा कसला करू सोमवारी? मेथी चालंल?"

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं पडतं आणि खाली बोटं बोलतात. एक बोट दाबलं की दहा हजार, अख्खा पंजा धरला की पन्नास. वर चेहऱ्यावर रेघ हलता कामा नये. हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. सत्यजीतला नव्हतं, कारण आजवर बाजार आबा करायचे आणि तो कॉलेज करायचा.

मल्हारीआप्पा हे बाजारातले सगळ्यात जुने व्यापारी. उपरण्याखाली त्यांचा चेहरा कधी हलला नव्हता. एकदा सौदा चालू असताना त्यांच्या पायावर बैल उभा राहिला होता. आप्पांनी आधी सौदा पुरा केला आणि मग बैलाला शिवी दिली.

आप्पांनी भिंगरीभोवती एक चक्कर मारली, शेपटी उचलून पाहिली आणि सवयीनं हात पुढं केला. सत्यजीतनं तो दोन्ही हातांनी धरला. आप्पांनी वरून उपरणं टाकलं. केवढा हा मान, असं सत्यजीतला वाटलं. त्यानं आप्पांच्या डोळ्यांत पाहिलं आणि विश्वास निर्माण करायला सुरुवात केली.

आप्पा जागच्या जागी थांबले. त्यांनी हात मागं घेऊन पाहिला. हात आला नाही. मग त्यांनी मान आडवी हलवली.

नकार ही तर सुरुवात असते, हे पाचव्या प्रकरणात होतं. ते शाबूत होतं. सत्यजीतनं आणखी जोर लावला.

आप्पांना ओरडता येत होतं. पण उपरण्याखाली ओरडलेला व्यापारी त्या बाजारात परत कुठल्या तोंडानं उभा राहणार? भोवती माणसं जमली.

"लई येळ चाललंय. मोठा सौदा दिसतोय."

"आरं, आप्पाच्या डोळ्यात पाणी आलं बघ!"

"पाणी? आप्पाच्या? मग गाय कसली आसंल रं ती!"

तोपर्यंत भिंगरीकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता दोघं तिचे दात मोजत होते आणि तिसरा तिचा फोटो काढत होता. तिनं त्याला लाथ मारली. "अंगात ताकद हाय," तो उठता उठता म्हणाला.

आप्पांच्या कपाळावर घाम आला. हात सुटण्याचा एकच मार्ग रीतीत बसत होता.

"झाला!" आप्पा म्हणाले. "झाला सौदा! झाला!"

सत्यजीतनं हात सोडला. विश्वास निर्माण झाला होता. भिंगरीच्या पाठीवर गुलाल पडला. अख्खा पंजा धरला होता, म्हणजे पन्नास हजार. आप्पांच्या माणसानं पैसे दिले, कारण आप्पांना पाकीट काढता येत नव्हतं.

"आप्पा, एक सांगायचं राह्यलं," सत्यजीत म्हणाला. "हिची धार जरा जड हाय. रोज मीच काढायचो."

आप्पांनी आधी आपल्या हाताकडं पाहिलं, मग त्याच्या हाताकडं.

"त्ये समजलं," ते म्हणाले.

सत्यजीत पिकअपमध्ये पुस्तकाचा मुका घेत असताना मागं बाजारात आप्पांनी तीच गाय, डोळ्यांतलं पाणी पाहिलेल्या एका गिऱ्हाइकाला, डाव्या हातानं साठ हजाराला विकली.

घरी पोचेपर्यंत ती बातमी फोनवरून आबांपर्यंत पोचली होती. आबा ओट्यावर बसले होते. नोटा त्यांनी नीट लावून कोपरीच्या खिशात घातल्या आणि म्हणाले, "साठची गाय पन्नासला दिलीस."

"तुमी चाळीस म्हनला होता!"

"मी म्हनलो. बाजार साठ म्हनला. धा हजार वाटंत टाकून आलास आन् धंदा करनार म्हंतोस? डबा भर."

"आवं, पोरानं इकली न्हवं का?" आतून साखरबाई म्हणाल्या.

"तू गप. नर्सरीचं बघू पुढल्या साली."

अपेक्षानं दाराआड उभं राहून कपाळाला हात लावला. सत्यजीत मात्र शांत होता. नकार ही सुरुवात असते. त्यानं शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि आबांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"ठीक हाय आबा. तुमी म्हनाल तसं. राग न्हाई माझा."

"शाना हायेस."

"मग हात मिळवा."

पोरगा कधी नव्हे ते ऐकतोय म्हणून आबांना बरं वाटलं. धार सोडून त्यांना वर्षं झाली होती, त्यामुळं जुनं दुखणं विसरायला झालं होतं. त्यांनी हात पुढं केला. सत्यजीतनं तो दोन्ही हातांनी धरला आणि वडिलांच्या डोळ्यांत मोठ्या प्रेमानं पाहिलं.

आबांनी हात मागं घेऊन पाहिला.

"सत्या," आबा म्हणाले.

सत्यजीतनं पकड आणखी घट्ट केली.

"आरं सत्या... घे. घे तुकडा. हिरीचं पानी बी घे. पर आदी हात सोड!"

आत साखरबाईंनी हळद केव्हाच गरम करायला ठेवली होती.