दस्तीतली भाकरी

डॉक्टरकडे जाताना माणूस फाईल नेतो, जुने रिपोर्ट नेतो. आमचे मन्मथअप्पा भाकरी नेतात. ज्वारीची, दस्तीत म्हणजे मोठ्या हातरुमालात बांधलेली. डॉक्टरच्या टेबलावरचं सामान बाजूला सारून दस्तीची गाठ सोडतात आणि विचारतात, "हिच्याबद्दल तुमच्या पुस्तकात काय लिवलंय, ते आदी सांगा."

लातुरातल्या काही दवाखान्यांत आता अप्पा दिसले की कंपाउंडर आतून कडी लावतो. आणि या वरातीत स्कूटर माझी. मी त्यांचा शेजारी, क्लासमध्ये पोरांना बायलॉजी शिकवतो, हाच माझा गुन्हा. "सर, तुमी शरीरशास्त्रवाले. तुमी संगं पायजे," असं म्हणत अप्पा मागच्या सीटवर बसलेलेही असतात.

अप्पांचं औशाला कापडाचं दुकान होतं. ते पोराच्या हवाली करून नवरा-बायको लातूरला आले. दुकान सुटलं, पण डोक्यातला टेप सुटला नाही. "माप कुणाचं, अन् अंग कुणाचं?" हे त्यांचं पालुपद. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिम निघाली, तिच्या काचेवर दंड फुगवलेला एक गोरा माणूस. अप्पा थेट आत शिरले.

"ह्यो कुठला? औशाचा का जळकोटचा?"

ट्रेनर बिचारा म्हणाला, "काका, ते मोटिव्हेशन आहे."

"अरे, बाहेरचा शर्ट आला अन् बाही बोटावर उतरली, तर आमी बाही कापतो. गिऱ्हाइकाचा हात वडून लांब करत न्हाई!"

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. मग महानंदाकाकूंचं झालं आणि हसू आटलं.

काकू म्हणजे अप्पांची बायको. अंगानं अगदी काडी. अप्पांचं पोट त्यांच्या आधी घरात शिरतं, आणि काकू दाराआड उभ्या राहिल्या तर दिसत नाहीत. गल्लीत आरोग्य शिबिर होतं. काकूंना काट्यावर उभं केलं, उंची घेतली, तक्त्यावर बोट ठेवलं, आणि तिथला पोरगा म्हणाला, "आजी एकदम फिट! शुगर बघायची गरज नाही. आजोबांची बघू." अप्पांची बघितली, काही निघालं नाही. पुढं काकूंच्या पायाला चप्पल लागली, जखम भरता भरेना, तेव्हा कळलं. शुगर काकूंना होती. कधीपासून होती, देव जाणे.

"त्यो तक्ता कुणाच्या अंगावरून बेतला व्हता?" अप्पा माझ्या दारात येऊन ओरडले. मी सांगितलं, असे जुने तक्ते बरेचसे गोऱ्या लोकांच्या शरीरावरून केलेले. आपल्याकडं बारीक दिसणाऱ्या माणसालाही शुगर धरते, त्याला आपल्या लोकांसाठी वेगळी रेघ मारावी लागते.

"मग मारली कामून न्हाई?"

मला विचारताय? माझंही डोकं फिरलं होतं. एवढी यंत्रं, एवढे फ्लेक्स, आणि समोरच्या बाईकडं मान वर करून बघायला कुणाला सवड नाही!

अप्पांची लेक नांदेडला असते. तिनं काकूंना तिथल्या एका डाएटच्या मॅडमकडं नेलं. मॅडमनी छापील कागद दिला. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली ऑलिव्हच्या तेलात, संध्याकाळी उकडलेला मासा. लिंगायताच्या घरात मासा! कागद कुणाच्या हातात चाललाय, हेसुद्धा कुणी बघितलं नव्हतं.

त्यात आमच्या काकू पडल्या आज्ञाधारक. कागदात आहे ते खायचं, नाही ते खायचं नाही, एवढंच त्यांनी धरलं. भाकरी कागदात नव्हती, बंद. वरण नव्हतं, बंद. मासा उंबरा ओलांडणार नव्हता, ब्रोकोली मंडईत धड मिळत नव्हती. उरले ओट्स. "खळ हाय ती! कापडाला लावायची खळ!" अप्पा चिडून म्हणायचे. काकू दोन घास गिळायच्या आणि वाटी सारायच्या. बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. एकदा अप्पांसाठी भाकरी थापता थापता चक्कर येऊन खालीच बसल्या. अप्पांनी समजावलं, हात जोडले. काकूंचं एकच, "मॅडमनं लिवून दिलंय की ओ."

तेव्हापासून ही भाकरीची वरात. लातूरचा प्रत्येक डॉक्टर म्हणायचा, कागद ज्यांनी दिला त्यांनाच विचारा. शेवटी एका रविवारी अप्पांनी मला नांदेडच्या एस.टी.त कोंबलं.

अहमदपूरला गाडी थांबली. मला कडकडून भूक लागलेली, मांडीवर अप्पांची दस्ती, तिच्यातून ताज्या भाकरीचा वास. म्हटलं, "अप्पा, अर्धी तरी मोडा."

"ती मॅडमची हाय," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. स्वतः खाल्ली नाही, मला दिली नाही. असला राग आला म्हणता! रविवार माझा, कंबर माझी मोडली, आणि भाकरी मॅडमची.

मॅडम तरुण होत्या, पण मऊ नव्हत्या. भाकरी बघून दचकल्या नाहीत. काकूंच्या बंद झालेल्या भाकरीपासून आपली माती, आपला वंश इथपर्यंत अप्पांचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, तुमचे आजोबा भाकरी खाऊन दिवसभर रानात राबायचे. तुम्ही भाकरी खाऊन टीव्ही बघता. सगळं माती आणि वंशावर ढकलू नका."

मला पटलं, आणि मी तसं बोललोही. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की परतीचं तिकीट माझं मलाच काढावं लागणार, असं वाटलं.

"बरं, वंश ऱ्हाऊ द्या," ते मॅडमना म्हणाले. "आमी दोगं एका घरातले. एका चुलीचं खाल्लं. मी पिंप, मला शुगर न्हाई. ती काडी, तिला हाय. तिला गोऱ्याचं माप लावू नका, अन् माझं बी लावू नका. तिचं घ्या. तिला समोर बसवून एकदा तरी इचारलं का, बाई, तू काय खातीस म्हणून?"

मॅडमनी विचारलं नव्हतं. त्यांनी भाकरी हातात घेतली, बोटानं दाबून बघितली.

"आजचीच दिसते. रोज नवी घेऊन फिरता?"

"हाव."

"काकू तुमच्यापुरती करतात ना ही? मग तुम्ही काय खाता?"

अप्पा वर पंख्याकडं बघायला लागले.

"ती समोर खळ गिळून ऱ्हायली, अन् म्या तिच्याच हातची भाकरी मोडू?" आवाज पार खाली गेला होता. "घास उतरत न्हाई ओ मॅडम. तिला दोस्ताकडं बसून खातो म्हनतो, दस्तीत बांधतो. डाक्टरला दावतो, मग गल्लीतल्या गायीला घालतो. चा-बिस्किटावर भागतंय."

मी त्यांच्या पोटाकडं बघितलं. सदरा सैल झाला होता. रोज माझ्या स्कूटरवर बसणारा माणूस, आणि मला ते दिसलं नव्हतं. अहमदपूरला भाकरी मागणाऱ्या आपल्या जिभेचा राग आला.

मॅडमनी छापील कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं लिहिलं. ज्वारीची भाकरी किती, वरण किती, पालेभाजी भरपूर, जेवल्यावर फिरणं. "पुढच्या आठवड्यात काकूंना घेऊन या. त्यांना विचारून बाकीचं ठरवू. मासा माझ्याकडून चुकून गेला."

संध्याकाळी घरी पोचलो. काकूंनी कागद उजेडात धरून, बोट फिरवत वाचला. पुन्हा वाचला. उठून आत गेल्या आणि परातीत थापायचा आवाज सुरू झाला. मी निघालो तर मलाही बसवून घेतलं.

तीन ताटं आली. काकूंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिल्या. अप्पा नुसतेच त्यांच्याकडं बघत बसलेले, हात दस्तीवर.

"आता खावा की," काकू म्हणाल्या. "गायीला म्या येगळी टाकलीय."