कुलगुरूंची रिकामी गाडी

आमच्या कुलगुरूंची गाडी एसटीच्या मागून चालते. गाडीत चालक रशीदभाई असतात, सरांची बॅग असते आणि सर नसतात. सर पुढच्या एसटीत असतात, बहुतेक वेळा उभे. त्यांच्या शेजारी, दांडीला लटकलेला, मी असतो.

मी त्यांचा स्वीय सहायक. जळकोट तालुक्यातला. आमच्या घरात पहिला पदवीधर मीच. त्यामुळे ही नोकरी लागली तेव्हा आईनं गल्लीभर सांगितलं, "माझं लेकरू आता साहेबाच्या थंडगार गाडीतून हिंडणार हाय." त्या गाडीची थंड हवा आजवर माझ्यापेक्षा सरांच्या बॅगेलाच जास्त लागली. आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही.

सर, म्हणजे डॉ. नरसिंग येलमटे, मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. जमिनीतली ओल मोजण्यात त्यांचं तरुणपण गेलं. पुढं ती ओल मोजणारं स्वस्त यंत्र त्यांनी बनवलं आणि ते शेतकऱ्याच्या हातात चालतंय का, हे बघत गावोगाव फिरले. मग दिल्लीनं बोलावलं. तिथं समित्यांवर बसून त्यांनी धोरणं लिहिली. प्रत्येक मुक्कामावर एकेक प्रश्न त्यांना चिकटला. विज्ञानात असताना "मोजलं का?", तंत्रज्ञानात "चालवून बघितलं का?" आणि धोरणात "जाऊन बघितलं का?" कुलगुरू झाल्यापासून ते तिन्ही प्रश्न एकदम विचारतात आणि मलाच विचारतात.

वसतिगृहात पाणी गरम येत नाही, अशी तक्रार आली. सर म्हणाले, "मोजलं का?" भल्या सकाळी मी थर्मामीटर घेऊन मुलांच्या न्हाणीघरासमोर उभा राहिलो. पोरांना वाटलं, ताप बघायला आलोय. दोघांनी तर काखेत धरायला हात वर केला.

प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज तयार झाला. "चालवून बघितलं का?" मी माझ्याच नावानं भरून बघितला. अर्ज चांगला चालला. इतका चांगला, की मला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. हजेरी कमी असल्याबद्दल मला अजून मेसेज येतात.

आणि तिसरा प्रश्न म्हणजे एसटी. विद्यार्थी ज्या वाटेनं येतात त्या वाटेनं गेल्याशिवाय सर त्या गावच्या कागदावर सही करत नाहीत. एका महाविद्यालयात आमची गाडी आधी पोहोचली. प्राचार्यांनी लगबगीनं दार उघडून हार पुढं केला. आत बॅग. रशीदभाई म्हणाले, "साब इसमें नै. बस में आरे." तोवर सर फाटकातून चालत आत आले होते आणि स्वागताच्या रांगेत शेवटी उभे राहून, सगळ्यांबरोबर कुलगुरूंची वाट बघत होते.

अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस किनवटच्या विज्ञान केंद्राचा प्रस्ताव आला. दुपारच्या प्रात्यक्षिकांना निम्म्याहून कमी विद्यार्थी असतात. सबब, नियमाप्रमाणे केंद्र बंद करून मुलांना नांदेडला आणावं. सरांनी नियम वाचला आणि भडकले.

"माधव, हे कलम कोणत्या शहाण्यानं लिहिलं?"

मी घसा साफ केला. "सर, तुम्हीच. दिल्लीच्या समितीत."

सरांनी चष्मा काढून ते कलम पुन्हा वाचलं.

"मी जाऊन बघितलं होतं का?"

"ते मला कसं माहीत, सर?"

"न्हाई बघितलं," सर म्हणाले. "उद्याची एसटी कितीला हाय?"

भोकरला एसटी थोडी रिकामी झाली आणि सरांना बसायला जागा मिळाली. लगेच एक बाई पिशवी सावरत चढल्या. "सरका की जरा गुर्जी, सगळी शीट तुमच्याच बापाची हाय का?" विद्यापीठात सरांना असं कोणी म्हणत नाही. सर एकदम खुलले आणि खिडकीला चिकटले.

बाईंचं नाव कौसाबाई. किनवटच्या अलीकडे जंगलालगत त्यांचं गाव.

"काय करताव तुम्ही?"

"शिक्षणातच हाय."

"पर्मनंट झालाव का?"

"न्हाई. पाच वर्षांची मुदत हाय."

"म्हंजी कंत्राटी!" कौसाबाई हळहळल्या. "एवढे केस पिकले तरी? कोणाला भेटून बघा की. साहेब लोकांच्या मागं लागल्याशिवाय होत न्हाई."

मी दांडीला धरून तोंड फिरवलं. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "लागून राहिलो." मग विचारलं, "तुमची लेकरं काय करतात?"

"पोरगी किनवटच्या केंद्रात शिकून राहिली. शेवटचं वर्ष. आता म्हणतेत, केंद्र बंद होणार. हिचा बाप म्हणतो, नांदेडला न्हाई धाडायची, सोयरीक बघू." बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "लई हुशार हाय हो. पण कोणाला सांगावं?"

कौसाबाई त्यांच्या गावाला उतरल्या तेव्हा सरांनी उठून त्यांची पिशवी खाली दिली.

केंद्रात त्या दुपारी प्रात्यक्षिक सुरू झालं आणि मुली एकेक करून दप्तर उचलू लागल्या. सरांनी एकीला अडवलं. "प्रयोग अर्धा टाकून कुठं?"

"सर, आमच्या गावाकडची बस आत्ताच हाय. मग डायरेक्ट उद्या."

प्रात्यक्षिक दुपारी का, याचंही उत्तर निघालं. शिकवणारे नांदेडहून येऊन-जाऊन करत. त्यांना दुपार सोयीची होती.

परत आल्यावर सरांनी प्रस्ताव नामंजूर केला. प्रात्यक्षिकं सकाळी, शिकवणाऱ्यांचा मुक्काम किनवटला. दिल्लीलाही कळवलं, की आपण लिहिलेलं कलम चुकीचं आहे, ते बदलावं. शिक्षक रागावले आणि सगळे माझ्याकडे येऊन रागावले. सरांसमोर कोणी रागावत नाही, ते "मोजलं का?" विचारतात.

मला वाटलं, किनवट संपलं. कसलं काय. काही दिवसांनी सर म्हणाले, "वेळ बदलली, पण चालतेय का ते बघायला पाहिजे." पुन्हा एसटी. मागं रिकामी गाडी.

सकाळी प्रयोगशाळा भरलेली होती. सर बाहेर आले तर फाटकाशी कौसाबाई, लेकीची वाट बघत. केंद्राचे प्राचार्य, शिक्षक, सगळ्यांच्या देखत त्या ओरडल्या, "अवं गुर्जी! तुमची नोकरी टिकली का?"

प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. सर म्हणाले, "टिकली बाई. तुमच्या पोरीची सोयरीक?"

"थांबली की! आता आधी परीक्षा. चला, जेवून जावा."

दुपारी दिल्लीबरोबर ऑनलाइन बैठक होती, त्याच कलमावर. मी घड्याळ दाखवलं. सर कौसाबाईंबरोबर त्यांच्या घराकडे निघालेसुद्धा. इतके चिडायचे प्रसंग आले, पण त्या दिवशी मी खरंच चिडलो.

घरात कौसाबाईंनी भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. दोन भाकऱ्या झाल्यावर सरांनी ताटावर हात आडवा धरला. "पुरे." सुटलो, असं मी मनात म्हणालो. बंगल्यावर सर एकटेच जेवतात. बाईसाहेब वारल्या, मुलगी परदेशात. तिथं ते एकदा "पुरे" म्हणाले की स्वयंपाकी भांडी उचलतो. साहेबांचा शब्द तो पाळतो.

कौसाबाईंनी पाळला नाही. "एवढ्यात काय पुरे? आमच्या हातची गोड लागंना का?"

"न्हाई न्हाई, खरंच बास."

सर नको म्हणत राहिले, पण हाताची बोटं त्यांनी हळूच फाकवली होती. तेवढ्या फटीतून भाकरीचा चतकोर ताटात गेला. सरांनी मान खाली घातली.

फोन थरथरू लागला. मी अंगणात जाऊन दिल्लीला सांगितलं, सरांना वेळ लागेल. किती, असं त्यांनी विचारलं. मी दारातून आत बघितलं. सरांनी ताटावर पुन्हा हात धरला होता आणि कौसाबाई पुढची भाकरी मोडत होत्या.