चिक्स म्हणायचं, पिल्लं नाही!

कोंबड्या पाळणं अवघड असतं असं म्हणणाऱ्या माणसांनी त्या विषयाचा कधी पद्धतशीर विचारच केलेला नसतो. मी केला होता! नोटाबंदी झाली त्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. परसातल्या कुक्कुटपालनाचं दोन दिवसांचं शिबिर करून मी आलो होतो. छातीवरचा बिल्ला अजून उतरवला नव्हता. डहाणू-बोर्डी रस्त्यावरच्या आमच्या चिकूच्या वाडीत, विहिरीच्या बाजूला, मी असं देखणं खुराडं बांधलं होतं की नवीन पाहुणे आधी तिकडेच चपला काढायचे!

शिबिरातून मी दोन गोष्टी शिकून आलो होतो. एक, पिल्लांना आल्या आल्या गुळाचं पाणी द्यायचं. आणि दोन, त्यांना पिल्लं म्हणायचं नाही.

"चिक्स म्हणायचं," मी घरात जाहीर केलं. "पिल्लं मांजराला होतात. आपण व्यवसाय करतोय!"

"व्यवसाय कसला, रोज नाश्त्याला अंडी मिळाली म्हणजे झालं," माझी बायको निशिगंधा म्हणाली. तिचं माहेर धाकट्या डहाणूचं. लहानपणी तिच्या अंगणात कोंबड्या फिरायच्या, त्यामुळे ती माझ्यापेक्षा जास्त खूश होती आणि माझ्यापेक्षा कमी बोलत होती.

विरोध होता फक्त आईचा. तोही कोंबड्यांना नाही, त्यांच्या मरणाला. ती परकरात असताना मुंगसानं त्यांच्या घरची पिल्लांची अख्खी वीण एका दुपारी संपवली होती. साठ वर्षं झाली, तरी ती ते अजून परवा घडल्यासारखं सांगते.

"आण तुझे ते चिक का फिक," शेवटी ती म्हणाली. "पण माझी एकच अट. यातलं एकही मरता कामा नये! एक जरी मेलं, तर खुराडं मोडून तिथे अळू लावीन. परत या वाडीत कोंबडीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!" मी म्हटलं. माझ्यासारख्या बिल्लेवाल्या माणसाला ही कसली अट?

मी लगेच उधव्याच्या नविनला फोन लावला. नविन पिल्लं आणून गावोगाव पोचवायचा.

"तीस चिक्स पाहिजेत!"

"तलंगा देऊ का, देवेशभाऊ?"

तलंगा ही कुठली तरी हलकी जात असणार, हे मी ताबडतोब ओळखलं. "तलंगा-बिलंगा काही नको. चिक्स! नुसते चिक्स!"

"बघा हां. तलंगा नको? मागून बोलाल."

"नविन, मी शिबिर केलंय!"

"मग काय, बरं," नविन म्हणाला आणि फोन ठेवला.

पिल्लं यायच्या आदल्या रात्री मला झोप नव्हती. सकाळी मी रेशमी कुर्ता घातला. हसता काय? घरात लक्ष्मी येते तेव्हा आपण बनियनवर उभे राहतो का? खुराड्याला झेंडूचं तोरण लावलं, शेजारपाजारच्या बायकांना बोलावलं, निशिगंधानं औक्षणाचं ताट तयार केलं. ऊब देणारा बल्ब तेवढा आणायचा राहिला होता, म्हणून मी स्कूटर काढून डहाणू स्टेशनच्या बाजारात गेलो.

आणि मी बल्ब निवडत असतानाच नविन आमच्या वाडीत येऊन पोचला!

आता तिथलं चित्र डोळ्यांसमोर आणा. शेजारच्याच शेडमध्ये माझा चुलतभाऊ पीयूष चिकू भरून बाहेर पाठवतो. चिकू धुवायचं यंत्र खडखड फिरतंय. कामावरची संगिता खोकी भरून चिकटपट्टी मारतेय. ड्रायव्हर धाकल्याचा टेम्पो वापीच्या मार्केटला निघायच्या तयारीत आहे. ओट्यावर आई बसली आहे. आणि नविन मोटरसायकलवरून एक पुठ्ठ्याचं, भोकं पाडलेलं खोकं उतरवतोय. आमची चिकूची खोकीही पुठ्ठ्याचीच, भोकं पाडलेलीच!

"आई, देवेशभाऊचे चिक आणलेत. कुठं ठेवू?" नविन ओरडला.

यंत्राच्या खडखडाटात आईला जे ऐकू यायचं तेच आलं. "चिकू होय? ठेव ना शेडमध्ये, बाकीच्यांबरोबर!"

नविननं ठेवलं आणि तो पुढच्या गावाला गेला. संगितानं पाहिलं, एका खोक्याला पट्टी नाही. तिनं पट्टी मारली. धाकल्यानं पाहिलं, एक खोकं खाली राहिलंय. त्यानं ते टेम्पोत चढवलं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. माझ्या घरात एरवी असं कधी होत नाही!

मी परत आलो तेव्हा बायका जमल्या होत्या. मी बल्ब लावला, गुळाचं पाणी ठेवलं आणि नविनला फोन केला.

"कधी येतोस रे?"

"येतोस काय? मी येऊन गेलो! आईंना विचारून शेडमध्ये ठेवले!"

मी वळलो. "आई, नविननं चिक्स कुठे ठेवले?"

"मला कुणी चिक-बिक दिले नाहीत. एकजण चिकू घेऊन आला होता. मलाही नवलच वाटलं. म्हटलं, आपल्या वाडीत बाहेरचे चिकू कशाला?"

शेडमध्ये गेलो तर एकही खोकं नव्हतं. पीयूष यंत्र बंद करून हात पुसत होता.

"धाकल्या कुठाय?"

"गेला की केव्हाच. तलासरीच्या पुढे असेल. का रे दादा?"

मी धाकल्याला फोन लावला. फोन वाजला. आमच्याच शेडमध्ये, वजनकाट्यावर वाजला!

आईच्या आता सगळं लक्षात आलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "पिल्लं म्हणाला असता ना तो, तर मी पदरात घेतली असती रे. थंडीत गारठून जातील ती. जा, देवेश! जा ना!"

मी स्कूटरला किक मारली. मागे निशिगंधा बसली. घाईघाईत तिनं औक्षणाचं ताट पिशवीत टाकलं होतं, ते तसंच बरोबर आलं. घोलवड सोडलं, तलासरी गाठली, हायवेला लागलो. माझा रेशमी कुर्ता वाऱ्यानं असा फुगला होता की मागून निशिगंधाला रस्ता दिसेना.

"अहो, सावकाश!"

"सावकाश काय? एक जरी गेलं तर अळू!"

"मला अळूचं काही नाही हो," ती माझ्या कानात ओरडली, "मला पिल्लांचं वाईट वाटतंय!"

खरं सांगतो, मलाही वाटत होतं. न पाहिलेल्या तीस जिवांसाठी मी स्कूटर आणखी पिळली.

अच्छाड मागे पडलं, गुजरातची हद्द लागली आणि पुढे, थोड्याच अंतरावर, धाकल्याचा टेम्पो दिसला! इथे महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्यांत दारूच्या बाटल्या शोधायला पोलीस उभे असतात. तिथल्या रांगेत अडकलेला टेम्पो आता त्यांच्यासमोरून पुढे सरकत होता. मी स्कूटर तिथेच उभी केली आणि मोठ्या साहेबांकडे धावलो.

आता, आम्ही सीमेवरची माणसं. गुजराती म्हणजे आमच्या डाव्या हातचा मळ! फक्त घाईत एखादा शब्द गळतो, एवढंच.

"साहेब! पेला टेम्पामां मारां त्रीस बच्चां छे! रोको!"

साहेब दचकले. "बच्चां?"

"हा साहेब! खोखामां पूरेलां छे! उपरथी पट्टी मारेली छे!"

साहेबांनी इतक्या जोरात शिट्टी मारली की चार ट्रक जागच्या जागी थांबले. दोन हवालदार टेम्पोकडे धावले. धाकल्याला खाली ओढून हात वर करायला लावले.

"केटली उंमर छे बच्चांनी?" साहेबांनी विचारलं.

"काले ज जन्म्यां, साहेब!"

"त्रीसे त्रीस?"

"हा! एकसाथे!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग निशिगंधाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. निशिगंधा लाल झाली होती.

"एमनी मा क्यां छे?"

"मा नथी, साहेब! मशीनमां थयां!"

आता हवालदारानं माझा दंडच धरला. पलीकडून धाकल्या गयावया करत होता, "मना काय माहीत, शेट! मना चिकू सांगलां!"

"अहो, मरघी म्हणा!" निशिगंधानं मला असा चिमटा काढला की माझं गुजराती पूर्ववत झालं. "मरघीनां बच्चां, साहेब! कोंबडीची पिल्लं!"

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून टेम्पोच्या बॉनेटवर उलटी ठेवली आणि कपाळ पुसलं. "अरे भला माणस," ते म्हणाले, "मरघी पहेलां बोलवी जोईए ने!"

पण संपलं कुठे? टेम्पोत शंभरावर खोकी, सगळी सारखी! साहेबांनी हुकूम सोडला आणि हवालदार एकेका खोक्याला कान लावू लागले. ट्रकांच्या आवाजात काय ऐकू येणार? एक हवालदार तर चिकूच्या खोक्याला कान लावून मान डोलवत होता. मी शिबिरात काय काय शिकलो होतो ते आठवत उभा राहिलो. हे मात्र शिकवलंच नव्हतं.

तेव्हा निशिगंधानं पदर खोचला, टेम्पोत चढली आणि खुडूक कोंबडीसारखा आवाज काढला. "क्लुक! क्लुक! क्लुक!" हुबेहूब! पाच वर्षं लग्नाला झाली होती, पण बायकोच्या अंगात ही कला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि कोपऱ्यातल्या एका खोक्यातून उत्तर आलं. चिवचिव! चिवचिव! चिवचिव!

मी खोकं उतरवून बॉनेटवर ठेवलं आणि पट्टी फाडली. आत पिवळाधमक कल्लोळ! पेंढा होता, आजूबाजूच्या खोक्यांची ऊब होती, सगळी एकमेकांना चिकटून टवटवीत होती. रस्त्यावर टाळ्या वाजल्या. मी एकेक उचलून मोजायला लागलो. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस...

एकोणतीस!

परत मोजली. एकोणतीसच. डोळ्यांसमोर अळू दिसायला लागलं, हिरवंगार, कमरेएवढं. निशिगंधाचे डोळे भरले. धाकल्या टेम्पोखाली शिरला. हवालदार चिकूची खोकी हलवायला लागले. साहेब हताश होऊन म्हणाले, "चालो, नसीब," आणि त्यांनी बॉनेटवरची टोपी उचलून डोक्यावर घातली.

टोपी चिवचिवली!

मोजताना हातातून निसटलेलं तिसावं पिल्लू बॉनेटच्या उबेला त्या उलट्या टोपीत जाऊन बसलं होतं. साहेबांनी टोपी काढली, तर ते त्यांच्या टकलावर उभं! निशिगंधानं तिथेच पिशवीतून ताट काढलं, आणि हायवेच्या कडेला, बॉनेटवर ठेवलेल्या खोक्याला आणि ओघाने साहेबांनाही, ओवाळलं. साहेब भलतेच खूश झाले. निघताना म्हणाले, "ईंडां मोकलजो हां!"

"हो तर! पहिली अंडी तुम्हालाच!" मी शब्द देऊन टाकला.

घरी आलो तेव्हा आई फाटकातच उभी होती. तिनं एकेक पिल्लू स्वतःच्या हातानं मोजून बल्बखाली सोडलं. तिसावं सोडताना रडली. त्या दिवसापासून ती त्यांची झाली. मुंगसाच्या भीतीनं खुराड्यासमोर खाट टाकून दुपारची झोप तिथे काढू लागली. कणी, किसलेलं गाजर, सगळं पिल्लांना. मला वरण-भात!

आणि पिल्लं वाढली! बघता बघता तुरे फुटले, शेपट्या फुटल्या. मी रोज सकाळी टोपली घेऊन खुराड्यात जायचो आणि रिकामी टोपली घेऊन परत यायचो. उन्हाळ्यात एका पहाटे खुराड्यातून पहिली बांग आली. मी आनंदानं उठून बसलो. मग दुसरी आली. मग तिसरी. मग मोजणं सोडून दिलं.

मी नविनला फोन केला. "नविन, हे सगळे कोंबडे आहेत!"

"मग? मी विचारलं नव्हतं का, तलंगा देऊ का म्हणून? तुमी बोल्ले नको. तलंगा मागणाऱ्यांना तलंगा दिल्या. उरलेले तुमाला!"

"तलंगा म्हणजे काय रे?"

माझ्या मागून आई म्हणाली, "तलंग म्हणजे मादी, कोवळी कोंबडी. अंड्यावर यायची. एवढं शिबिर केलंस, ते काय मग नुसतं जेवायला?"

पीयूष कुंपणापलीकडून हसत होता. मी स्वतःला सावरलं. व्यवसायात नुकसान होतं, पण त्यातूनही मार्ग काढता येतो. "ठीक आहे," मी म्हटलं. "अंडी नाही तर नाही. येत्या रविवारी दोन कापू. मस्त रस्सा, तांदळाची भाकरी..."

आई खाटेवरून उठली. "काय ठरलं होतं आपलं? यातलं एकही मरता कामा नये!"

"अगं आई, ते पिल्लांचं होतं!"

"कबूल म्हणाला होतास की नाही?"

म्हणालो होतो. तेव्हा, आजही आमच्या वाडीत तीस कोंबडे आहेत. पहाटे बांग देतात, दुपारी भांडतात, संध्याकाळी आई त्यांना मोजून आत घेते. अलीकडे निशिगंधानं साद घातली की तीसच्या तीस धावत येतात, आणि मी हाक मारली की एकही मान वळवत नाही. गुजरातच्या साहेबांना शब्द दिला होता, म्हणून अंडी मी अधूनमधून पाठवतो. स्टेशनजवळच्या दुकानातून घेतो आणि वरून थोडी माती लावतो.

परवा दुकानदारानं विचारलंच, "काय देवेशभाऊ, तुमच्याकडे तर कोंबड्या आहेत ना?"

"कोंबड्या नाहीत," मी म्हटलं, "चिक्स आहेत!"