खंडेनवमीला कॉलेजात पिस्तूल

आधीच सांगून ठेवतो, भाषणात मला हरवणारा माणूस शिरूर तालुक्यात अजून जन्माला यायचाय! डेअरीच्या सभेत मी म्हशीच्या दुधाच्या फॅटवर सव्वा तास बोललोय. लोक मधूनच उठून गेले, पण ते धारांची वेळ झाली म्हणून.

तर असा मी मच्छिंद्र आप्पा, राहणार न्हावरे, वय बेचाळीस, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. बारावी चौथ्या खेपेला निघाली, मग म्हटलं आता थांबायचं नाही, आणि शिरूरच्या कॉलेजात नाव घातलं. अडचण एकच. माझी थोरली लेक नीलमही त्याच वर्गात! ती पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. सरांनी प्रश्न विचारला की ती हात वर करते आणि मी मान खाली घालतो.

यंदा बाहेरची चार पोरं हॉकी स्टिका घेऊन कॉलेजात घुसली होती. प्राचार्यांनी लगेच वादविवाद ठेवला. विषय, ‘सज्ञान विद्यार्थ्यांना कॉलेजात लपवून पिस्तूल बाळगू द्यावे का?’ परीक्षक म्हणून साक्षात फौजदार. नीलमनं विरोधी बाजू घेतली. मी अर्थातच ‘द्यावे’वाला, कारण माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल होतं! आठ वर्षांत एकदाही उडवलेलं नव्हतं, पण ते कमरेला असलं की लग्नात पहिल्या पंगतीला बसवायचे.

आदल्या रात्री जेवताना मी बायकोला, झुंबरला, बेत सांगितला. पिस्तूल शर्टाखाली लपवून न्यायचं आणि भाषणाच्या शेवटी काढून दाखवायचं!

“उद्या खंडेनवमी हाय,” ती म्हणाली. “हत्यारं पाटावर मांडून पुजायची असत्यात. त्या दिशी त्यास्नी हलवायचं न्हाई.”

“संध्याकाळी पूज की!”

“तुमच्या आज्यानं खंडेनवमीला कवा कोयता उचलला न्हाई.”

“आजा बी.ए.ला नव्हता!”

झुंबर गप्प बसली. संसाराला बावीस वर्षं झाली, तरी तिच्या गप्प बसण्याला घाबरावं हे मला अजून कळलेलं नाही. सकाळी अंघोळ उरकली, खुंटीवरचा पट्टा कमरेला बांधला, त्यातलं पिस्तुलाचं कव्हर वरून चाचपलं. वजन बरोबर होतं. शर्ट वरून सोडला आणि ऐटीत मोटरसायकलला किक मारली.

हॉल गच्च भरला होता. आधी नीलम बोलली. “ज्याच्या कमरेला हत्यार असतं, त्याचं निम्मं ध्यान हत्याराकडंच असतं. आमच्या घरी आप्पा पिस्तूल पुसायला बसले की आई आम्हाला मागच्या दारानं बाहेर काढती!” टाळ्या पडल्या. फौजदारांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग मी उठलो. सज्ञान माणसाची जबाबदारी काढली, शिवकाळ काढला, हॉकी स्टिका काढल्या. “वीस पावलांवरून गुंडाच्या हातातली स्टिक उडवीन!” असंही ठोकून दिलं. आणि मग आवाज खाली आणला.

“मंडळी, गेला तासभर या हॉलमध्ये एक भरलेलं पिस्तूल आहे.”

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पहिल्या रांगेतल्या पोरींनी पाय बाकावर घेतले. फौजदारांचं पेन थांबलं.

“कुणाला काही झालं? कुणाला कळलं तरी?” मी गरजलो, शर्ट वर केला, कव्हर उघडलं आणि हात उंच धरला!

हातात बत्ता होता. आमच्या खलबत्त्यातला, पितळी!

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मी मात्र रिकामं कव्हर पुन्हा चाचपलं. बत्ता इथं आहे, तर पिस्तूल कुठं आहे?

फौजदार जवळ आले. “आप्पा, हत्यार कुठंय?”

“सायेब... म्हाईत न्हाई.”

त्यांनी मला धरून प्राचार्यांच्या केबिनमध्ये फोनपाशी नेलं. घरी फोन लावला, तो उचलला प्रगतीनं. प्रगती म्हणजे माझी धाकटी, सात वर्षांची. दिसेल ती वस्तू उघडून बघणारी.

“बाळा, माझं पिस्तूल बघितलं का गं?”

“व्हय आप्पा! माझ्या म्होरंच हाय! मी आत्ता त्याला—”

आणि लाइन कट! पुन्हा लावला तर लागेचना.

फौजदारांनी आम्हा बापलेकीला जीपमध्ये घातलं. नीलम रडत होती. “आप्पा, सहा गोळ्या हायेत वो त्यात!” परवाना जाऊ दे, शेत जाऊ दे, पोरगी तेवढी धड असू दे, एवढंच मी घोकत होतो.

न्हावऱ्यात शिरलो तर सलूनमधून म्हाळू अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून ओरडला, “आरं, आप्पाला धरला!” घर येईस्तोवर जीपमागं निम्मं गाव!

मी धावतच आत शिरलो. पाटावर कोयता, खुरपं, विळी, मोटरसायकलचा पाना आणि मधोमध माझं पिस्तूल, हळदकुंकवानं माखलेलं. प्रगती त्याला झेंडूची माळ घालत होती. मी तिला उचललं आणि सगळ्या गावादेखत रडलो.

फौजदारांनी माळ बाजूला करून पिस्तूल उघडलं. आत एकही गोळी नव्हती.

“गोळ्या व्हय?” झुंबर आतून म्हणाली. “त्या तांदळाच्या डब्यात हायती. प्रगती रांगाया लागली तवाच माझ्या फौजेतल्या भावानं काढून दिल्या.”

म्हणजे सहा वर्षं मी रिकामं पिस्तूल मिरवत होतो!

फौजदार हसू दाबत म्हणाले, “आप्पा, माझ्यासमोर कॉलेजात खरं पिस्तूल काढलं असतं, तर परवाना गेला असता आणि तुम्ही आज आत असता. वहिनींनी वाचवलं तुम्हाला.” जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

“ते ऱ्हाऊ द्या,” झुंबर म्हणाली. “आधी माझा बत्ता द्या. सकाळपास्नं मसाला अडलाय.”

फौजदारांनी तो दोन्ही हातांनी तिला दिला.

पहिला नंबर नीलमचा आला. सोमवारी मी पिस्तूल, गोळ्या आणि परवाना फौजदारांकडे जमा करून टाकला. कव्हर मात्र अजून कमरेला असतं. गाव वचकून असतं, म्हणून आत काय आहे ते कुणाला सांगत नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, चष्मा आहे. वीस पावलांवरचा गुंड राहू द्या, मला दहा पावलांवरचा फळा दिसत नाही!