दत्ताकाकांची न पेटणारी शेगडी

दत्ताकाका कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावून बघतात. पाण्याचा नळ असो, देवळातली घंटा असो की लग्नात पुढे आलेला सरबताचा स्टीलचा पेला. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, झटका बसत नाही याची खात्री करायची आणि मगच वस्तू धरायची. माझ्या लग्नात सासऱ्यांनी हस्तांदोलनासाठी पुढे केलेल्या हातालाही त्यांनी असाच उलटा हात लावला होता. सासरे घाटावरचे. त्यांना वाटलं, देवगडकडची हीच रीत असणार. मग लग्न लागेपर्यंत ते भेटेल त्या पाहुण्याला उलटा हात लावत फिरत होते.

मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "सुलट्या हातान धरलंस आणि करंट आसलो, तर मूठ आवळता. मगे सोडूचा म्हटलंस तरी सुटना नाय."

काकांचा जन्म लायटिंगमध्ये गेला. आसपासच्या गावांतल्या जत्रा, लग्नं, दशावताराचे प्रयोग, सगळीकडे दिव्यांच्या माळा त्यांच्याच. माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ काळोखी होते, आणि तो एक बल्ब हुडकून काढण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. पुढे एलईडीच्या पट्ट्या आल्या. त्या बिघडल्या की फेकून देतात. काकांनी आपल्या माळा माळ्यावर ठेवल्या आणि घरी बसले. हुडकायची सवय मात्र सुटली नाही. एसटी उशिरा आली की, "करंट खंयतरी अडाकलोहा." शेजारच्या नाऱ्याचं लग्न जमत नव्हतं, तेव्हाही हेच. माझ्या आईने पोट साफ होत नसल्याची तक्रार केली, तेव्हाही काकांनी गंभीरपणे हेच निदान केलं. आईने त्यानंतर त्यांच्यासमोर तब्येतीचा विषय काढला नाही.

काकांचा एकुलता मुलगा सुहास मस्कतला हिशेबनीस आहे. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. काकी असताना तो फोन तासभर चाले. काकी अंगणात फेऱ्या मारत त्याला गल्लीतल्या सगळ्या गजाली सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बाबांशी बोल." काका फोन उलट्या हाताने चाचपून कानाला लावायचे, "हां, बरां आसा," म्हणायचे आणि परत काकींच्या हातात द्यायचे. बापलेकांचं बोलणं ते एवढंच.

काकी गेल्या आणि फोन परत द्यायला कुणी उरलं नाही. शुक्रवारी माझं दुकान बंद असतं, म्हणून मी बरेचदा त्यांच्या पडवीत असायचो. फोन वाजायचा.

"बाबा, जेवलास?"

"होय."

"औषध घेतास मां?"

"होय."

मग नुसती तिकडून एसीची घरघर आणि इकडून कावळे. थोड्या वेळाने सुहास म्हणायचा, "ठेवू मगे?" आणि काका "ठेव" म्हणून हुश्श करायचे.

अशात एके दिवशी मालाच्या ट्रकमधून एक पेटी आली. आत काळी, चार पायांची, झाकणवाली शेगडी. सुहासने पाठवलेली. लाकडाच्या भुशाच्या बारीक गोळ्या एका बाजूच्या डब्यात ओतायच्या आणि बटण दाबायचं. आतली मोटर गोळ्या पुढे ढकलते, एक कांडी तापून लाल होते आणि त्यांना पेटवते, पंखा वारा घालतो. धूर, फुंकणी, काही कटकट नाही. बाबांना मासे भाजून खाता यावेत म्हणून त्याने ती पाठवली होती. त्या गोळ्या बघून नाऱ्याच्या बायकोने (हो, शेवटी जमलं त्याचं) विचारलं, "काका, कोंबडे पाळतास की काय?"

काकांनी शेगडीला उलटा हात लावला, प्लग बदलला, बटण दाबलं. शेगडीच्या छोट्या पडद्यावर आकडे आले, पंखा फिरला, गोळ्या खाली पडल्या. आग काही लागली नाही.

काकांचा चेहरा उजळला, जणू अख्खी माळच पेटली.

पुढच्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा त्यांनी आधीच माझ्या हातात मोबाइल दिला होता. "व्हिडिओ लाव. माका दोनय हात मोकळे होये." मस्कतला सुहास शेगडीचं माहितीपुस्तक उघडून बसला आणि इकडे काका करंट तपासायचा मीटर घेऊन जमिनीवर.

"बाबा, आधी प्लग काढा."

"काढलंय रे. तुझ्या जन्माआधीपासून काढतंय."

त्या दिवशी फ्यूज तपासून झाला. त्यापुढच्या शुक्रवारी मोटर. मग तापमान मोजणारी वायर. सुहास वाचायचा, काका "सावकाश वाच" म्हणायचे, आणि मधे काही खोलायला वेळ लागला की गप्पा भलतीकडे जायच्या. सुहासने सांगितलं की त्याला हल्ली स्वयंपाक जमतो, फक्त सोलकढी काकींसारखी होत नाही. काकांनी सांगितलं की एका जत्रेत ऐन नाटकात दिवे गेले, तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरचे दिवे लावून राक्षसाचा वध पार पाडला होता.

सुहास खूप हसला. "ह्या तुमी माका कधी सांगूक नाय!"

"तू कधी इचारूक नाय."

अंधार पडू लागला तरी फोन चालूच. माझा हात भरून यायचा. मग मी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायला शिकलो.

एकदा मंगळवारी सकाळी शिडी मागायला मी काकांकडे गेलो. परसात खमंग वास सुटला होता. बघतो तर शेगडीचं झाकण उघडं, आत मसाला लावलेले बांगडे तडतडताहेत आणि काका बाजूला पाट टाकून शांत बसलेत.

"काका! पेटली?"

काका दचकले. मग एक बांगडा उलटत म्हणाले, "कांडयेचो जोड गंजलो होतो. खारी हवा. पॉलिश पेपरान घासलंय, झाला."

"कधी?"

"झाले दिवस."

"मगे गेल्या शुक्रवारी तासभर काय हुडकत होतो आपण? सुहासाक सांगूक नाय?"

काकांनी दुसरा बांगडा उलटला. तिसरा उलटला. 

"सांगलंय तर," ते हळू म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी काय बोलतलंय मी तेच्याशी?"

 त्यांनी केळीच्या पानावर एक बांगडा काढून माझ्यापुढे ठेवला. सुरेख भाजला होता.

शुक्रवारी मी पोचलो, तेव्हा काका शेगडीखाली वाकून तो घासलेला जोड हळूच ओढून सोडवत होते. मला बघून थांबले. मी मुकाट्याने मोबाइल घेतला आणि सुहास दिसल्यावर तो असा धरला की काकांचे हात तेवढे पडद्याबाहेर राहतील.

"बाबा, आज कांडी बघूया," सुहास म्हणाला.

काकांनी मीटर लावला. काटा हलला नाही. "हयच काय ता आसतला," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा पडला होता. पुस्तकातला शेवटचा भाग कांडीचाच होता. यापुढे हुडकायला काही उरलं नव्हतं, हे मलाही कळलं.

सुहासने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "बाबा, उघडू नका. मी मे महिन्यात येतंय. दोघांनी मिळान करूया."

काका मीटरच्या वायरी गुंडाळू लागले. गुंडाळून झाल्या तशा पुन्हा सोडल्या आणि पुन्हा गुंडाळल्या. 

"ये," ते म्हणाले. "पण एका दिवसाचा काम नाय ता. पंखो पण आवाज करता. सुट्टी वाईच जास्तच घे."

पंखा बंद होता. मी मोबाइल शेगडीकडे वळवला नाही.